बांधून ठेवतात, असंच लिहा

तापीबाई माझ्या दुकानात तक्रार लिहून घ्यायला आली आणि तिने पहिली तक्रार स्वतःवरच लिहायला सांगितली.

शहाद्यात कचेरीच्या आवाराला लागून माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पंधरा वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितेय. माणसं येतात, खुर्ची ओढून बसतात आणि दुसऱ्याने आपलं काय वाईट केलं ते सांगतात. ही बाई बसलीच नाही. बावन्न-त्रेपन्न वर्षांची, काटक, कपाळावर घाम, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"लिख. पहिले मन्हं नाव लिख. तापीबाई धुडकू ठाकरे. म्हातारा मानूसले खुर्चीले बांधं. आठ दिन बांधं. मंग बाकीना लोकसनं लिख."

मी म्हटलं, "मावशी, असं लिहिलं तर पहिली केस तुमच्यावरच होईल."

"होऊ दे ना. खोटं शे का?"

मग तिने जे सांगितलं ते ऐकताना मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

तापीबाई सारंगखेड्याच्या अलीकडच्या गावची. शेतमजुरी करणारी. कापूस वेचणं, केळीच्या बागेत निंदणी, जे मिळेल ते. तिच्या सासूला म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला. गावात या आजाराला नाव नव्हतं. 'डोकरीनं भान गयं' एवढंच लोक म्हणायचे. सासू सकाळी उठून माहेरी निघायची. माहेर कधीच उठून गेलेलं, पण पाय निघायचे. तापीबाई सहा वर्षं तिच्यामागे चालली. बांधावरून, उसाच्या कडेने, कधी तापी नदीच्या पुलापर्यंत. दमली की सासू आपणच मागे वळायची आणि सुनेचं बोट धरून घरी यायची. "तिले चालनं व्हतं तर मी बी चालनू," तापीबाई मला म्हणाली. यात आपण काही विशेष केलं असं तिला वाटतच नव्हतं.

सासू गेली. त्यानंतर वर्षभराने शहाद्याच्या बाहेर, शेतांच्या कडेला एक निवासगृह उघडलं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी. त्याचं नाव मी लिहीत नाही. पाटी तेव्हापासून दोनदा बदललीय. कोणीतरी तापीबाईला सांगितलं, तुला या माणसांची सवय आहे, जा. ती गेली आणि लागली.

तिथे सव्वीस माणसं होती. दिवसपाळीला दोन बाया. एक नर्स होती, सीमा नावाची, पण ती औषधं आणि कागद यांतच अडकलेली असायची. सव्वीस जणांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, कपडे बदलायचे, ते दोन बायांनी. व्यवस्थापक होता गोकुळ. इस्त्रीचा शर्ट, मोबाइलवर नातेवाइकांना फोटो पाठवण्यात तरबेज. सकाळी दहा वाजता सगळ्यांना अंघोळ घालून, भांग पाडून, फुगे धरायला लावून फोटो निघायचा. अमेरिकेतला मुलगा, पुण्यातली मुलगी ते बघून हात जोडल्याची चित्रं पाठवायची. जेवणानंतर जुन्या चादरींच्या पट्ट्या निघायच्या.

पट्ट्या नीट शिवलेल्या होत्या, चार बोटं रुंद. दुपारी दोन ते सहा. जो हिंडतो, जो दार वाजवतो, जो रडतो, त्याचे हात खुर्चीच्या हातांना. तरीही ओरडला तर गोळी. पहिल्या दिवशी तापीबाईने विचारलं, "कसाले बांधतस?" गोकुळ म्हणाला, "पडू नयेत म्हणून. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी."

तिथेच तिला नजीरचाचा भेटले.

नजीरचाचा घोड्यांचं सामान करायचे. खोगीर, लगाम, पोटाखालून आवळायचा तंग, सगळं हाताने शिवलेलं. सारंगखेड्याच्या यात्रेत पन्नास वर्षं त्यांचं दुकान लागलं. लांबून येणारे घोडेवाले आधी त्यांच्याकडे यायचे, मग घोडा बघायला जायचे. आता वय चौऱ्याहत्तर. मुलाचं नाव आठवत नव्हतं, सून नमिराला ते आपली बहीण समजायचे, पण हात सगळं विसरायला तयार नव्हते. बोटं सारखी काहीतरी शोधायची. पायजम्याची नाडी, पडद्याची दोरी, कोणाच्याही पदराचं टोक. दुपार कलली की ते उठायचे. "माल पहुंचाना है. मेला भर गया," म्हणत दाराकडे निघायचे.

तापीबाईने पहिले काही दिवस त्यांना बांधलंच नाही. "चाला चाचा, मी बी येस तुम्हनासंगे," म्हणून अंगणात चार फेऱ्या मारायची. मग घरून तिने एका फाटक्या दप्तराचे पट्टे आणि बक्कल आणले. चाचा दोन-दोन तास पट्टा ओवायचे, काढायचे, ओढून बघायचे, पुन्हा ओवायचे. त्या दोन तासांत त्यांनी कोणाला हाक मारली नाही, दार वाजवलं नाही.

गोकुळने ते पट्टे उचलून नेले. "बक्कल गिळलं तर जबाबदार कोण?"

दुसऱ्या दिवशी चाचांना पट्टीने बांधलं. गंमत अशी की चाचांनी ती दहा मिनिटांत सोडली. गाठी हाच त्यांचा धंदा. आपली सोडली आणि शेजारच्या चुडामण आप्पांचीही सोडली, मग पलीकडच्या आजींची. हॉलमध्ये पाच-सहा म्हातारी माणसं मोकळी होऊन हिंडायला लागली. सीमा हसली म्हणून तिलाही बोलणी बसली. त्या दिवसापासून चाचांची गाठ खुर्चीच्या मागे, हात पोचणार नाही अशी मारायची असं ठरलं. पट्टी आधी ओली करायची. ओली गाठ वाळली की सुटत नाही. हे ज्याला सुचलं त्याच्या डोक्याचं मला आजही नवल वाटतं.

तापीबाई तरीही चोरून सोडायची. आणि मग ते घडलं.

चुडामण आप्पा, तापीकाठचे केळीवाले शेतकरी, दांडगे गृहस्थ. त्यांना तिने सोडलं होतं. ती एका आजीला मोरीत धूत असताना आप्पा ओल्या फरशीवरून घसरले आणि मनगट मोडलं. त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "तुला सोडायला कोणी सांगितलं होतं?" गोकुळ बाजूला उभा राहून मान हलवत होता.

"दोन बाया न सव्वीस डोकरा-डोकरी," तापीबाई मला म्हणाली. "कोठे पुरसूत आम्ही? पन हाई कोनी इचारं नही. बठ्ठा मालेच बोलनात."

ती घाबरली. दुसऱ्या दिवसापासून तिने बांधायला सुरुवात केली. चाचांनाही तिनेच बांधलं. पहिल्यांदा पट्टी आवळत होती तेव्हा चाचांनी दुसऱ्या हाताने तिचा हात थांबवला, आपली दोन बोटं पट्टीखाली सारून बघितली आणि कारागीर नवशिक्याला शिकवतो तसं शांतपणे म्हणाले, "दो उंगली जानी चाहिए, बेटी. नहीं तो जानवर को लगता है."

एवढं सांगून तापीबाईने काउंटरवरचा माझा पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली.

तिने दोन बोटं जातील अशीच पट्टी बांधली. पण चाचा दुपारभर हात ओढत राहायचे. आठव्या दिवशी अंघोळ घालताना तिने पट्टी सरकवली तर मनगटाभोवती कातडं निघून आलेलं होतं. बांगडीसारखी लाल जखम, एका जागी पिवळी पडलेली. ती तशीच गोकुळकडे गेली. डॉक्टर बोलवा म्हणाली. गोकुळने कपाटातून मलमाची नळी काढून दिली आणि म्हणाला, "शुक्रवारी घरचे येतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको."

शुक्रवारी मुलगा मुजाहिद नमाज आटोपून आला. तापीबाईने त्याच्यासमोर चाचांची बाही वर केली.

मुजाहिद ओरडला. गोकुळने त्याला ऑफिसात नेलं, ड्युटीचं रजिस्टर काढलं आणि त्या आठ दिवसांच्या रकान्यांत तापीबाईची सही दाखवली. "हिनेच बांधलंय. आम्ही कोणालाही बांधत नाही. अशी बाई आम्हाला ठेवायचीच नाही." अर्ध्या तासात तिला फाटकाबाहेर काढलं. तिथून ती थेट माझ्याकडे आली होती, पायी.

मी टाइप करायला लागले. निवासगृहाचं नाव विचारलं. तिने सांगितलं आणि माझे हात थांबले.

त्या निवासगृहाचे सगळे फॉर्म माझ्या दुकानात टाइप झाले होते. मी कॉम्प्युटरमधली फाइल उघडली. प्रवेश अर्ज, पान तीन, कलम नऊ: 'निवासी व्यक्तीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या हालचालींवर आवश्यक त्या मर्यादा घालण्यास नातेवाइकांची संमती आहे.' हे वाक्य मी स्वतः टाइप केलं होतं. 'हालचालीवर'चं 'हालचालींवर' करून अनुस्वारही मीच सुधारला होता. मर्यादा म्हणजे काय, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. शब्द गुळगुळीत होता, हाताखालून सरकला.

मी तापीबाईला ते वाचून दाखवलं. तिला कळलं नाही. मी सांगितलं, "म्हणजे बांधायची परवानगी." ती म्हणाली, "मंग अस्सं का नही लिखं?"

अर्जात मी लिहिलं: माणसांना खुर्चीला बांधून ठेवतात. आणि वर, तिच्या सांगण्याप्रमाणे, मीही बांधलं.

अर्ज घेऊन आम्ही दोघी फिरलो. कुठल्या कार्यालयात द्यायचा हेच कोणाला ठाऊक नव्हतं. एक म्हणाले, वृद्धाश्रम आमच्याकडे येतात, पण हे रुग्णालयासारखं दिसतंय. दुसरे म्हणाले, रुग्णालय आमच्याकडे येतं, पण हा वृद्धाश्रम आहे. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि पेनाने एका वाक्याखाली रेघ मारली. "'बांधून ठेवतात' हे जरा भडक वाटतं. 'काळजी घेण्यात त्रुटी आढळतात' असं करा. लवकर पुढे सरकेल."

तापीबाईने मला विचारलं, साहेब काय म्हणतात. मी सांगितलं.

"साहेब," ती म्हणाली, "ढोरले बी चरासाठी सोडतस. बांधतस म्हनजे बांधतस. तेच ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी अर्ज परत केला. रुग्णाच्या नातेवाइकाची सही असल्याशिवाय दखल घेता येणार नाही म्हणाले.

नातेवाईक म्हणजे मुजाहिद. आणि मुजाहिद तिच्यावर पेटलेला. बसस्थानकामागे त्याचं टायरचं दुकान आहे. मी निरोप पाठवला तर तो तणतणत माझ्या दुकानात आला. तापीबाईला बघून त्याचा तोल गेला.

"तुम्ही माझ्या बापाला जनावरासारखं बांधलं आणि आता माझी सही मागता?"

"हां," तापीबाई म्हणाली. "मी बांधं."

त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मी तेवढ्यात कलम नऊचं पान त्याच्यासमोर ठेवलं. खाली त्याची सही कुठे असते ते त्याला माहीत होतं. त्याने दोनदा वाचलं.

"मला सांगितलं की पलंगाला कठडा लावू," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "मावशी, तीन वर्षं मी घरी सांभाळलं. दोनदा दोंडाईचा रस्त्यावर सापडले, ट्रकांच्या मध्ये. नमिरा दिवसभर दाराला पाठ लावून बसायची. मी काय करायला पाहिजे होतं?"

हा प्रश्न त्याने आम्हाला विचारला, पण खरं तर तो आम्हाला विचारायचा नव्हता. ज्यांना विचारायचा ते कधी समोर नसतात. या जिल्ह्यात भान हरपलेल्या बापाला घेऊन माणसाने जायचं कुठे? डॉक्टर म्हणतात वय झालं. शेजारी म्हणतात मुलगा नालायक. आणि एक दार उघडं दिसलं म्हणून आत गेलात तर आत पट्टी शिवून तयार. मला मुजाहिदचा राग आला होता, तो त्या दुपारी दुसरीकडे वळला आणि अजून तिथेच आहे.

तापीबाई म्हणाली, "मी बांधं. तू सही करी. आते दोन्ही जन सही करूत."

त्याने सही केली. घरी एकट्या नमिराला झेपणार नव्हतं, म्हणून तपासणीपर्यंत चाचा तिथेच राहिले.

तपासणी लागली. पण तारीख आठवडाभर आधी कळवून. त्या दिवशी मे महिन्याचं ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि हॉलमधली सव्वीसच्या सव्वीस माणसं पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत, मनगटापर्यंत बटणं लावून बसलेली. जिल्ह्याहून दोन साहेब आले होते. गोकुळने सरबत ठेवलं होतं. पट्टी एकही नव्हती. खिडक्यांना नवे पडदे होते.

गोकुळने तापीबाईला दारात अडवलं. "हिला कामावरून काढलंय."

"त्या माझ्यासोबत आहेत," मुजाहिद म्हणाला.

साहेब रजिस्टर चाळत होते. ती त्यांच्याकडे गेलीच नाही. सरळ चाचांजवळ गेली, खाली बसली आणि बाहीचं बटण काढून बाही कोपरापर्यंत दुमडली. जखम भरत आली होती, पण कडं स्पष्ट होतं. मग शेजारच्या आजींची बाही. मग पुढच्या खुर्चीची. ती प्रत्येकाला आधी विचारत होती, "बाही वर करू का, माय?" आणि मग दुमडत होती. अकरा जणांच्या मनगटांवर खुणा होत्या. काही काळ्या, काही ताज्या.

थोरले साहेब उठून आले. चष्मा लावून त्यांनी दोन हात बघितले. "वयोमानाने त्वचा नाजूक होते," ते म्हणाले. "असे चट्टे घड्याळाच्या पट्ट्यानेही उठतात."

"अकरा जनसले दोन्ही हातले घड्याळ व्हतं का?" तापीबाईने विचारलं.

तेव्हा चुडामण आप्पा बोलले. त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. ते साहेबांकडे बघून मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, "माले बांधतस. दुपारले बांधतस. पानी बी देत नही."

मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, हे लिहून घ्या."

साहेबांनी मान हलवली. "यांना स्मृतिभ्रंश आहे. यांचा जबाब ग्राह्य धरता येत नाही."

पंधरा वर्षांत मी हजारो कागद वाचले, पण यापेक्षा निर्लज्ज वाक्य वाचलं नाही. माणूस विसरतो म्हणून त्याला इथे ठेवायचं. इथे त्याचे हात बांधायचे. आणि बांधले असं तो म्हणाला की सांगायचं, हा विसरतो. आप्पा बोलून झाल्यावर साहेबांच्या उत्तराची वाट बघत बसले होते. चांगल्या घरातला माणूस वाट बघतो तसे, सरळ बसून.

मी तापीबाईला इतकं चिडलेलं त्यापूर्वी आणि त्यानंतर पाहिलं नाही. ती ओरडली नाही. थोरल्या साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "त्यासनं चालत नही ना? मंग मन्हं लिखा. माले भान शे. मी बांधं. मन्हा जबाब ल्या." एका आजींच्या बाहीचं बटण लावण्याच्या निमित्ताने भिंतीशी उभी असलेली नर्स सीमा तेवढ्यात पुढे आली. "माझाही घ्या," ती म्हणाली. "गोळ्या मी दिल्यात. कोणाला किती, ते माझ्या वहीत आहे." गोकुळ तिच्याकडे वळला, पण दुसरे साहेब, तरुण होते, त्यांनी कागद पुढे ओढला होता.

मुजाहिदने त्याच दिवशी वडिलांना घरी नेलं. निवासगृहाला नोटीस निघाली. महिन्याभरात सुधारणा करा. पट्ट्या बंद झाल्या, दोन बाया वाढवल्या, कलम नऊ काढलं. सीमाला तिथे राहणं शक्यच नव्हतं. तिला नंदुरबारला दुसरीकडे काम मिळालं. गोकुळवर काही झालं नाही. तापीबाईला मात्र अख्ख्या तालुक्यात कोणी असल्या कामावर घेतलं नाही. 'बांधणारी बाई' असं नाव पडलं. स्वतःहून सांगितल्याचं हे बक्षीस.

ती मुजाहिदच्या घरी जायला लागली. दिवसा नमिरा आणि ती, दोघी मिळून चाचांना सांभाळायच्या. टायरच्या दुकानातल्या जुन्या ट्यूब कापून मुजाहिद पट्ट्या आणून द्यायचा आणि चाचा ओसरीवर बसून त्यांना टाके घालायचे. संध्याकाळी तापीबाई त्यांच्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. ते सात महिने जगले. थंडीत छाती भरली आणि तीन दिवसांत गेले. मयतीच्या दुसऱ्या दिवशी गोकुळ भेटायला आला होता. मुजाहिद काही बोलला नाही, घरी आलेल्याला बोलायची रीत नाही. तापीबाईने आतून येऊन त्याच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला.

लोकांना वाटलं, आता बाई शांत होईल. पण गेल्या महिन्यात चुडामण आप्पांना भेटायला ती गेली. त्यांची नातेवाईक नसताना, कोणीच नसताना. फाटकावरच्या नव्या माणसाने तिला ओळखलं नाही. आत पट्ट्या नव्हत्या. नव्या खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीला पुढून एक फळी, जेवायला सोयीची, आणि फळीला बाजूने खटका. खटका बसलेल्याच्या हाताला लागत नाही. जेवण होऊन दोन तास झाले होते आणि फळ्या लावलेल्याच होत्या. आप्पा फळीवर दोन्ही तळवे टेकून बसले होते, शाळेच्या बाकावर बसल्यासारखे.

तापीबाईने सगळे खटके उघडले, एकेक करत. मग तिथेच हॉलच्या मध्ये उभी राहून नव्या बायांना म्हणाली, चला, माझ्याबरोबर अंगणात चला, कसं चालवायचं ते दाखवते. एक बाई घाबरून ऑफिसकडे पळाली. दुसरी, विशीतली, पदर खोचून आप्पांचा हात धरून उभी राहिली. व्यवस्थापक येईपर्यंत नऊ माणसं अंगणात होती.

तिच्यावर आता अनधिकृत प्रवेशाची तक्रार झालीय. तिला पोलिसांनी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा ती गेली, दोन्ही वेळा विचारलं त्यापेक्षा जास्त सांगून आली. पुढची तारीख बुधवारी आहे. मुजाहिद दुकान बंद ठेवून येणार आहे, आणि ती विशीतली पोरगीही येते म्हणालीय.